लाइनमन गेल्यावर

तेलगाव धारूर तालुक्यात आहे. बीडहून वडवणीमार्गे सिरसाळा-परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून घाट चढून धारूर-केजकडे जाणारा रस्ता या गावाच्या चौकात एकमेकांना छेदतात. गावालगत लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना आहे, पूर्वीचा माजलगाव सहकारी. गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. बँक, दुकाने, शाळा-महाविद्यालये, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रे सगळे या चौकाच्या आधाराने वाढले. अशा गावात घरच्या संगणकाचे नेट अडखळते, तेव्हा पहिला उपाय ठरलेला असतो: राउटर बंद करा, थोडे थांबा, पुन्हा चालू करा. तेवढ्याने कधी भागते, बहुतेकदा भागत नाही. नेट संथ का चालते याचे तांत्रिक उत्तर फारसे अवघड नाही. तोच बिघाड वर्षानुवर्षे परत परत का येतो, याचे उत्तर मात्र इतिहासात शोधावे लागते. तारेपासून फायबरपर्यंतच्या दीडशेहून अधिक वर्षांत बिघाड शोधण्याची रीत मुळात एकच राहिली; ती वापरणारा माणूस तेवढा बदलला. एके काळी तो खात्याचा पगारी लाइनमन होता. आज ते काम घरातल्या बारावीतल्या मुलामुलींवर येऊन पडले आहे. काम त्यांच्याकडे आले, पण त्यासाठी लागणारी मापे आली नाहीत आणि खांबावरची पेटी उघडण्याचा अधिकारही आला नाही. संथ आणि बेभरवशाच्या जोडणीचे मूळ मी या अर्धवट हस्तांतरात पाहतो.

आधी रीत समजून घ्यायला हवी. हिंदुस्थानात विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले आणि १८५० च्या दशकात कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरे तारेने जोडली गेली. शेकडो मैलांची तार मध्येच कुठेतरी तुटली किंवा जमिनीला टेकली, तर ती जागा शोधायची कशी, हा प्रश्न तारखात्यापुढे पहिल्या दिवसापासून होता. उत्तर दोन प्रकारे मिळाले. पहिला प्रकार हाताचा: लांबीचे भाग पाडायचे, मधल्या ठाण्यावर तार सोडवून दोन्ही बाजू तपासायच्या, जी बाजू चांगली निघेल ती सोडून द्यायची आणि उरलेल्या बाजूचे पुन्हा भाग पाडायचे. दुसरा प्रकार मापाचा: तारेचा विद्युतरोध मोजून बिघाडाचे अंतर गणिताने काढायचे. मरे आणि व्हार्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लूप चाचण्या याच कामासाठी एकोणिसाव्या शतकात रुळल्या, आणि टेलिफोन केबलच्या दुरुस्तीत त्या पुढे शंभर वर्षे टिकल्या. भाग पाडा आणि मोजा, एवढीच ही विद्या. संगणकाच्या जाळ्यात आपला निरोप पलीकडे पोचतो की नाही हे तपासणारा 'पिंग' हा छोटा प्रोग्रॅम माइक मूस यांनी १९८३ मध्ये लिहिला, तोही याच घराण्यातला. साधन नवे, प्रश्न जुनाच: इथपर्यंत ठीक आहे का? आणि इथून पुढे?

मराठवाड्यात ही विद्या उशिरा आणि तुटपुंजी पोचली. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. तारेचे खांब रुळांच्या कडेने जात आणि रूळ निजामाच्या काळात परळीपर्यंत आले होते. बीड शहराला अहिल्यानगरहून प्रवासी गाडी मिळायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. हा तपशील जुन्या तक्रारीचा वाटेल, पण जाळ्याच्या इतिहासात तो मोलाचा आहे. तार रुळांसोबत गेली, तशी पुढे फायबरही मोठ्या प्रमाणात रुळांच्या आणि महामार्गांच्या कडेने गेली. जो भाग आधीच्या जाळ्यापासून लांब होता, तो पुढच्या जाळ्याच्याही टोकालाच राहिला. टोकाला असणे म्हणजे मधल्या प्रत्येक सांध्याचा बिघाड आपल्या वाट्याला येणे.

खेड्यातला फोन खऱ्या अर्थाने आला तो १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटमुळे. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या संस्थेने ग्रामीण भागासाठी छोटे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलित खोली नसतानाही ते धुळीत आणि उन्हाळ्यात चालावे, अशीच त्याची घडण होती. पहिले एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले आणि पुढच्या काही वर्षांत देशभर हजारो खेड्यांत पोचले. एका खोलीत मावणारे एक्स्चेंज, तिथून जमिनीखालून निघालेली जाड केबल, रस्त्याकडेचा पिलर, खांबावरची डीपी, म्हणजे जोडण्या वाटणारी पेटी, आणि तिथून घरात येणारी ड्रॉप वायर, अशी ती साखळी. फोन 'डेड' झाला की १९८ वर तक्रार नोंदवायची आणि लाइनमनची वाट बघायची.

त्या लाइनमनचे काम जवळून पाहण्यासारखे होते. खांबाला शिडी टेकवून तो डीपीची पेटी उघडे, आत गांधीलमाश्यांचे पोळे नाही ना हे आधी बघे. मग ग्राहकाच्या जोडीचे स्क्रू सैल करून घराकडे जाणारी वायर सोडवी आणि केबलच्या बाजूला टेस्ट फोनचे चिमटे लावून कान देई. टोन आला तर केबल ठीक, बिघाड घराच्या बाजूला. टोन नाही तर घर निर्दोष, दोष मागे. मग स्वारी पिलरकडे, तिथेही तेच, आणि शेवटी एक्स्चेंजमधल्या, सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या एमडीएफच्या चौकटीकडे. तारखात्याची भाग पाडण्याची रीत ती हीच. त्याच्या जोडीला लाइनमनजवळ कोणत्याही नकाशात नसलेली माहिती असे. कोणत्या चरात सांधा आहे, कुठे काळी माती उन्हाळ्यात भेगाळून केबल ओढते आणि मृगाच्या पहिल्या पावसात फुगून त्याच सांध्यात पाणी घालते, कोणती जोडी वाया गेलेली आहे आणि कोणती राखीव ठेवली आहे, हे त्याला तोंडपाठ असे. बालाघाटाच्या पायथ्याशी, गोदावरी-सिंदफणेच्या काळ्या रानात ही माहिती तांब्याइतकीच किमतीची होती.

इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो रास्त आहे: हा सुवर्णकाळ होता असे भासवू नका. फोनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी होती, पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे फोन बंद राहात, आणि लाइनमनला चहापाणी केल्याशिवाय शिडी निघत नाही ही तक्रार महाराष्ट्रभर होती. यातले काहीही मी नाकारत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. सेवा उशिरा मिळणे हा व्यवस्थेचा दोष होता. बिघाड नेमका कुठे आहे हे कुणाला तरी कळू शकत होते, हे त्या व्यवस्थेचे बळ होते. दोष काढताना बळही काढून टाकले गेले. शिवाय त्या काळातही नवे तंत्र आणून जुनी दुरुस्ती टाळण्याचा मोह होताच. १९९० च्या दशकात हजारो गावांतले सार्वजनिक फोन 'मार' या नावाच्या सामायिक रेडिओ यंत्रणेवर दिले गेले. एका केंद्रावरून अनेक गावे बिनतारी जोडायची, केबल टाकायचीच नाही, अशी ती कल्पना. ती इतकी बेभरवशाची निघाली की पुढे सार्वत्रिक सेवा निधीतून देशभरातले असे जवळजवळ दोन लाख फोन बदलावे लागले. केबल वाचवली म्हणजे देखभाल वाचली, हा समज तेव्हाही खोटा ठरला होता.

सार्वजनिक इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केले, आधी महानगरांत. तालुक्याच्या गावांत आणि मोठ्या खेड्यांत त्याची ओळख झाली ती नव्या शतकाच्या तोंडावर, आणि २००२ पासून एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाच्या वर्गांनी संगणक घराघरात नेण्याची हवा तयार केली. जोडणी टेलिफोनच्याच तारेवरून. मोडेम १७२ ने सुरू होणारा क्रमांक फिरवायचा, किरकिर-घरघर ऐकू यायची आणि नशीब असेल तर नेट लागायचे. मोडेमवर ५६ केबीपीएस लिहिलेले असे. खेड्यातल्या तारेवर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यावर समाधान मानावे लागे, आणि मध्येच लाइन तुटली की अर्धे उतरलेले पान पुन्हा पहिल्यापासून.

बिघाड शोधण्याच्या इतिहासातला पहिला मोठा तडा मला इथे दिसतो. लाइनमनचे सगळे शास्त्र कानावर उभे होते. टोन ऐकू आला, बोलणे समजले, की जोडी चांगली. माणसाचे बोलणे थोडी खरखर सहज सहन करते. ऐकणारा गाळलेले शब्द मनानेच भरून घेतो. मोडेमला ती सोय नाही. ओलसर सांध्यातली जी खरखर कानाला जाणवतही नाही, ती त्याचा वेग अर्ध्यावर आणते. मग लाइनमन येई, चिमटे लावून ऐके, 'लाइन ओके आहे' म्हणे आणि जाई. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या कसोटीला ती लाइन खरोखरच उतरत होती. घरातला माणूसही खोटे बोलत नव्हता. दोघांच्या मध्ये एक नवे माप हवे होते आणि ते खांबापर्यंत कुणी पोचवलेच नाही. पुढे ब्रॉडबँड आले तेव्हा ही दरी आणखी रुंदावली. बोलणे साधारण ३,४०० हर्ट्झच्या आत मावते; एडीएसएल त्याच तांब्यावरून ११ लाख हर्ट्झपर्यंतच्या लहरी चालवू पाहते. पन्नास-साठ वर्षांच्या अनुभवाने जी जोडी 'चांगली' ठरली होती, ती या नव्या कामासाठी नालायक असू शकत होती, आणि ते ऐकून कळण्याची शक्यता उरली नव्हती.

साखर कारखाना आणि संथ जोडणी यांचा एकत्र धडा देणारे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९९८ मध्ये केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या वारणानगर परिसरातली ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. गावातल्या केंद्रात संगणक, तिथून कारखान्यापर्यंत जोडणी, आणि शेतीच्या माहितीपासून बाजारभावापर्यंत सगळे त्यावर मिळेल ही अपेक्षा. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातल्या मंडळींनी जाऊन पाहिले, तर ही केंद्रे मुख्यतः कारखान्याच्या कामासाठी वापरली जात होती: उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, खताचा हिशेब. एवढ्या कामाला संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती आणि त्याची डळमळीत जोडणी हा सगळा भार कशासाठी, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवून एसएमएसने तीच माहिती देऊन पाहिली. शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले. या प्रयोगाचा अर्थ बरेचदा 'खेड्याला संगणक नको, मोबाइल पुरे' असा लावला जातो. मला तो अर्थ अपुरा वाटतो. वारणेसारख्या सधन, संघटित, स्वतःची यंत्रणा असलेल्या सहकारी परिसरातही संगणकाची जोडणी सांभाळणे जड जात असेल, तर जिथून माणसे दरवर्षी कोयता घेऊन त्याच कोल्हापूर-सांगलीच्या फडात ऊस तोडायला जातात, त्या बीड जिल्ह्यात ती आपोआप सांभाळली जाईल असे कुणी का धरून चालावे? वारणेत जोडणी सुधारण्याऐवजी गरज आखूड केली गेली. संशोधन म्हणून ते योग्यच होते. धोरण म्हणून तेच सगळीकडे केले, तर टोकाच्या गावाला कायम कमीवर भागवायला सांगण्यासारखे होते.

बीएसएनएलने 'डेटावन' ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये आणले. त्याआधीच्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस धरला होता. २०१३ मध्ये तो ५१२ झाला आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. व्याख्या वेगाची होती, भरवशाची नव्हती, आणि जाहिरातीही वेगाच्याच. वास्तविक घरच्या संगणकापुढची अडचण तीन वेगवेगळ्या रोगांची असते. एक्स्चेंजपासून तीनेक किलोमीटरच्या पुढे एडीएसएलचा जोर उतरत जातो, हा अंतराचा रोग. त्यावर राउटर बंद-चालू करून काही होत नाही. संध्याकाळी सगळे एकदम बसले की वेग पडतो, हा गर्दीचा रोग. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घरगुती ग्राहकांसाठी एका वाट्यात पन्नास, तर व्यावसायिकांसाठी तीस जणांचे प्रमाण धरले होते, म्हणजे वाटेकरी असणे हे ठरवूनच होते. मध्येच जोडणी तुटते, तो बहुधा सांध्याचा, ओलीचा नाहीतर विजेचा रोग. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र बारा-बारा तासांच्या भारनियमनात होता. घरात इन्व्हर्टर असला तरी एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या असत, आणि परळीचे औष्णिक केंद्र त्याच जिल्ह्यात असूनही तेलगावच्या तारेतली वीज टिकत नव्हती. रोग तीन आणि तक्रार एकच, 'नेट स्लो आहे'. इथेच निदानाची गरज सर्वांत जास्त होती.

नेमके याच काळात निदान घराकडे ढकलले गेले. १९८ ची जागा कॉल सेंटरने घेतली. पलीकडचा आवाज लिहून दिलेले प्रश्न विचारी: मोडेमचे दिवे कोणते लागले आहेत, डीएसएलचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, स्प्लिटर नीट बसवला आहे का, फोनची वायर काढून परत लावा. प्रश्न चुकीचे नव्हते. डीएसएलचा दिवा लुकलुकत असेल तर मोडेम आणि एक्स्चेंज यांचे जुळतच नाही. तो स्थिर असून इंटरनेटचा दिवा बंद असेल तर तार ठीक आणि दोष पुढच्या यंत्रणेत किंवा पासवर्डमध्ये. घरातले चौकस मूल आणखी पुढे जाई. वाय-फाय सोडून संगणकाला थेट लॅनची वायर जोडायची, काळ्या खिडकीत आधी राउटरला पिंग करायचे, मग बाहेरच्या पत्त्याला. राउटरचे उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत आले आणि बाहेरच्याचे कधी येते, कधी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणून जाते, तर घर निर्दोष. डीपीच्या पेटीपाशी वायर सोडवून कान देणाऱ्या लाइनमनचीच ही चाचणी, फक्त ती भिंतीच्या आत अडकलेली. घर निर्दोष आहे हे सिद्ध करण्यापर्यंत ती पोचते आणि तिथे थांबते. डीपी, पिलर, सांधे आणि एक्स्चेंज या चारही ठिकाणी ग्राहकाला हात लावता येत नाही, आणि त्याने काढलेल्या निष्कर्षाला कॉल सेंटरच्या फॉर्ममध्ये रकानाही नसतो. त्यामुळे घर निर्दोष ठरवूनही त्याला तीच प्रश्नावली पुन्हा पहिल्यापासून द्यावी लागते.

यावर तंत्रज्ञ म्हणतील की बहुतेक बिघाड घरातच असतात. जाड भिंतींमुळे वाय-फाय कमजोर पडते, शेजारच्या राउटरचा चॅनेल आड येतो, जुन्या संगणकात व्हायरस भरलेले असतात, मागे गुपचूप विंडोजचे अपडेट उतरत असते, उंदराने वायर कुरतडलेली असते. खरे आहे. म्हणूनच घरची तपासणी ग्राहकाने करण्याला माझा विरोध नाही. ती शाळेत शिकवावी इतकी उपयोगाची आहे. पण बिघाडांची संख्या आणि बिघाडांचा काळ या वेगळ्या गोष्टी आहेत. घरातला दोष त्याच दिवशी सापडतो आणि त्याच दिवशी मिटतो. बाहेरचा दोष संख्येने कमी असेल, पण माणसाचे महिने तोच खातो. तक्रारी मोजल्या तर घर दोषी दिसेल. वाया गेलेले दिवस मोजले तर दोष रस्त्याकडे सरकेल.

२०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि खेड्यातला डेटा एकदम स्वस्त झाला. घरची तार काढून टाकण्याची लाट आली. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे ७८,५६९ कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले, म्हणजे जवळजवळ निम्मे मनुष्यबळ. कंपनीचा पगाराचा बोजा पाहता या निर्णयामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण त्या संध्याकाळी खेड्यापाड्यांतल्या एक्स्चेंजांमधून जे ज्ञान घरी गेले, त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नाही. कोणता सांधा कुठे पुरला आहे हे सांगणारी माणसे एकाच तारखेला निवृत्त झाली, आणि त्यांच्याकडून ते लिहून घेण्याची पद्धत कधी बसलेलीच नव्हती. त्यानंतर दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली आणि शाळा संगणकावर आल्या. ज्या वेळी घरच्या जोडणीची गरज सर्वांत मोठी झाली, त्या वेळी ती दुरुस्त करणारा हात सर्वांत तोकडा होता.

तांब्याच्या जागी आता काच आली आहे. फायबरची घरपोच जोडणी अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारांमार्फत, बहुधा जुन्या केबल टीव्हीवाल्यांमार्फत दिली जाते, आणि बारीक काळी तार महावितरणच्या खांबांवरून, झाडांवरून, घरांच्या गच्च्यांवरून येते. घरातल्या पेटीवर 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला की प्रकाश पोचत नाही, एवढे कळते. मधली अवस्था मात्र कळत नाही, आणि बेभरवशाच्या जोडणीचे खरे घर तीच आहे. तार कुठे जास्त वाकली, सांधा कच्चा झाला, की प्रकाश पोचतो पण क्षीण पोचतो. उणे २७ डीबीएमच्या आसपास आला की पेटी त्याला कशीबशी ओळखते, दिवा हिरवाच राहतो आणि नेट मात्र धडपडत चालते. हे माप पेटीला स्वतःला ठाऊक असते. ते तिच्या सेटिंगच्या पानावर लिहिलेलेही असते, पण त्या पानाचा पासवर्ड बहुतेक वेळा ग्राहकाला दिलेला नसतो. तुटण्याची जागा मीटरमध्ये सांगणारे ओटीडीआर नावाचे यंत्र आज उपलब्ध आहे. मरेच्या लूप चाचणीचे ते पणतू. तेही भागीदाराकडे असेल किंवा नसेल, आणि नसेल तर तो अंदाजाने तारेच्या मागे मोटारसायकल फिरवत बसतो. या स्थानिक मुलांना मी दोष देणार नाही. रात्री पावसात खांबावर चढून सांधा जोडणारे हात त्यांचेच आहेत. त्यांना यंत्र, नकाशा आणि देखभालीचा ठरलेला मोबदला मिळत नाही, ही अडचण आहे.

सरकारी पातळीवर हीच गोष्ट मोठ्या आकारात घडली. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचे, म्हणजे पुढच्या भारतनेटचे, उद्दिष्ट अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे होते. खर्च वाचवण्यासाठी ही जाळी सरळ रेषेत टाकली गेली: तालुक्यापासून पहिली ग्रामपंचायत, तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी. रेषेत एका ठिकाणी फावडे लागले की त्यापुढची सगळी गावे बंद. आणि फावडे लागणारच होते, कारण हीच वर्षे रस्त्यांच्या कामांची होती. माजलगाव-तेलगाव-धारूर हा रस्ता शेगावहून पंढरपूरला जाणाऱ्या ५४८ सी या राष्ट्रीय महामार्गात आला आणि रुंदीकरणाच्या कामात गेला. रस्ता हवाच होता, त्यावर कोण हरकत घेईल? पण रस्ता खोदणाऱ्याला खाली कुणाची केबल आहे हे कळावे म्हणून 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप केंद्राने आणले तेव्हा २२ मार्च २०२३ ही तारीख उजाडली होती. अंदाधुंद खोदाईने दर वर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारचाच अंदाज त्या वेळी सांगितला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, सुमारे १.३९ लाख कोटींच्या खर्चात, २.६४ लाख ग्रामपंचायती वलयाकार रचनेने जोडायच्या आणि दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच धरायची, असे ठरले. वलयात एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने रहदारी चालू राहते. म्हणजे देखभालीशिवाय जाळे उभे राहात नाही, हे बारा वर्षांनी कागदावर मान्य झाले. माझ्या म्हणण्याला यापेक्षा सबळ पुरावा मी देऊ शकत नाही.

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो तरुण मंडळींकडून येतो: घरची तार हवीच कशाला, मोबाइलवर सगळे होते. सगळे होत नाही, हे खरिपाच्या जुलैत चौकातल्या कोणत्याही सेवा केंद्रासमोर दिसते. पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, सातबारा उतरवायचा असतो, बँकेच्या पासबुकाची प्रत चढवायची असते, आणि पडद्यावर गोल फिरत राहते. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आल्यावर अर्जांचा लोंढा आला आणि ३१ जुलैची मुदत तीन दिवस वाढवावी लागली. 'सर्व्हर डाउन' हे शब्द शेतकऱ्याच्या तोंडी आले ते अशा रांगांमधून. दोष खरोखर सरकारी सर्व्हरचा आहे, टॉवरवरच्या गर्दीचा आहे, की केंद्रातल्या राउटरचा, हे रांगेतल्या माणसाला कळायला मार्ग नसतो, आणि केंद्र चालवणाऱ्यालाही नसतो. मोबाइलच्या जाळ्यात तर ग्राहकाला भाग पाडून तपासायला एकही सांधा हाताशी नाही. रेंजच्या चार दांड्या एवढीच माहिती. शिवाय टॉवरलाही मागून फायबरच लागते. तारेचा बिघाड तिथे नाहीसा होत नाही, गावाबाहेर सरकतो. स्पर्धेने हे सुटेल म्हणावे, तर स्पर्धा जिथे ग्राहक दाट तिथे होते, आणि दोन कंपन्यांच्या केबली एकाच चरात पुरलेल्या असतील तर एकच जेसीबी दोघींना एकाच वेळी तोडतो.

नियम नव्हते असेही नाही. नियामक प्राधिकरणाने २००६ मध्येच ब्रॉडबँडच्या दर्जाची मानके घातली: नव्वद टक्क्यांहून अधिक बिघाड दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत आणि नव्व्याण्णव टक्के तीन दिवसांत दुरुस्त व्हावेत. पण कंपन्यांनी ही टक्केवारी दिली ती संपूर्ण सर्कलची सरासरी म्हणून. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई वगळता सगळा महाराष्ट्र आणि वर गोवा. पुण्यातल्या सोसायटीत दोन तासांत जोडलेली तार आणि धारूर तालुक्यात पंधरा दिवस लोंबत राहिलेली तार एकाच आकड्यात मिसळते, आणि आकडा मानकात बसतो. हा आकडा एक्स्चेंजनिहाय, निदान तालुकानिहाय प्रसिद्ध व्हायला हवा. घरातल्या पेटीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचे माप दर महिन्याच्या बिलावर छापायला हवे, जसे विजेच्या बिलावर रीडिंग छापतात. आणि दहा वर्षांच्या देखभालीचे जे कंत्राट भारतनेटमध्ये आता धरले आहे, त्यातला सांध्यांचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवला पाहिजे, म्हणजे कंत्राटदार बदलला किंवा त्याची माणसे सोडून गेली तरी तेलगावच्या चौकाखाली काय पुरले आहे हे पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याला खोदण्याआधी वाचता येईल.